‘ईऽऽ, हे खाल्लंस तू?’ : विचित्र खाण्याबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला आहे, चौदा वर्षं झाली. मूळ गाव मालवणकडे. सुट्टीवर आलो की लग्न असो नाहीतर बारसं, जेवायला बसल्यावर शेजारचा कोणीतरी विचारतोच, काय रे, तिकडे साप-झुरळं खातात ना? मग पुढचा अर्धा तास तेच. म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकतोय. जेवताना वाचू नका, किंवा वाचा, तुमची मर्जी.

सगळ्यात घाण काय खाल्लंस आजपर्यंत?

हाकार्ल. आइसलँडमध्ये. आंबवलेला शार्क. क्यूबमध्ये कापलेले तुकडे, पनीरसारखे दिसतात, वर टूथपिक टोचलेली, त्यामुळे माणूस फसतो. तोंडाजवळ नेला की एसटी स्टँडच्या मुतारीचा वास थेट मेंदूत जातो. मी अतिशयोक्ती करत नाहीये, तो अमोनियाच असतो, मुतारीत असतो तोच. पहिल्या तुकड्याला बहुतेक सगळ्यांना उमासे येतात, मलाही आले, आणि वाढणाऱ्या बाईला त्यात काही नवीन नव्हतं, ती शांतपणे दारूचा छोटा ग्लास पुढे करून उभी. ब्रेनिव्हिन म्हणतात त्या दारूला, शहाजिऱ्याच्या जातीच्या बियांचा वास असतो. ती घशाखाली गेली की बरं वाटतं, शार्कमुळे नाही, दारूमुळे.

पण मुळात असा सडवतात कशाला? ताजा का नाही खात?

ताजा खाल्ला तर विषबाधा होते. हा ग्रीनलँड शार्क, थंडगार पाण्यात राहणारा, अतिशय सुस्त आणि प्रचंड जगणारा. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या डोळ्यातल्या भिंगावरून वय काढलं तर कमीत कमी २७२ वर्षं निघालं. म्हणजे आज पोहणारा एखादा म्हातारा पेशवाईत जन्मलेला असू शकतो. तर याच्या मांसात युरिया आणि ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं रसायन ठासून भरलेलं असतं. ताजं मांस खाल्लेली कुत्री दारू प्यायल्यासारखी झोकांड्या देतात. म्हणून जुनी पद्धत अशी की रेतीत खड्डा करायचा, त्यात शार्क टाकायचा, वर दगड ठेवायचे म्हणजे अंगातलं पाणी दाबून निघून जातं, सहा ते बारा आठवडे तसंच, आणि मग पट्ट्या कापून वाऱ्यावर चार-पाच महिने टांगायच्या. वर तपकिरी कवच धरतं ते तासून टाकतात. आत उरतं ते खायचं. जिथे काही उगवत नाही तिथे एवढा मोठा प्राणी विषारी आहे म्हणून फेकून देणं परवडलं नसणार. आता मात्र ते बहुतेक थोरब्लोट नावाच्या हिवाळी जेवणात आणि टुरिस्टांना फसवायलाच वापरतात.

आणि कोकणातल्या लोकांनी नाक मुरडू नये प्लीज. आपण मोरी खातो ती काय आहे? लहान शार्कच. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम देतात. शार्कच्या जातीत अंगातच युरिया असतो, समुद्राच्या खारेपणाला तोंड देण्यासाठी, आणि मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. त्यामुळेच आई मोरी घेताना आधी वास घेते, मग भाव विचारते. गरम पाण्यात टाकून ती वाळूच्या पेपरसारखी खरखरीत कातडी सोलायची, मग आलं-लसूण सढळ हाताने आणि भाजलेलं खोबरं. आइसलँडवाल्यांकडे ना नारळ ना मिरी, मग काय करतील बिचारे.

तो स्वीडनचा डबा उघडायचा व्हिडिओ बघितला, लोक ओकतात, ते खरं असतं का नाटक?

थोडं नाटक, बरंचसं खरं. सुर्स्त्रॉमिंग. बाल्टिक समुद्रातला छोटा हेरिंग मासा, वसंतात पकडतात आणि अगदी कमी मिठात पिंपात आंबवतात. मीठ इतकंच की मासा सडणार नाही पण आंबायचा थांबणारही नाही. नंतर डब्यात भरतात आणि तिथेही आंबणं चालूच, म्हणून डबा फुगून गोल होतो. आपल्याकडे फुगलेला डबा फेकून देतात, तिकडे फुगला म्हणजे झाला तयार. २००६ मध्ये एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेजने हे डबे विमानात न्यायला बंदी घातली, फुटू शकतात म्हणून. स्वीडिश लोक भडकले होते तेव्हा.

व्हिडिओवाले चूक काय करतात तर खोलीत उघडतात आणि अख्खा मासा तसाच तोंडात टाकतात. असं कोणी स्वीडिश माणूस करत नाही. डबा बाहेर अंगणात उघडायचा, शक्यतो बादलीत पाण्याखाली, म्हणजे वायू आणि पाणी अंगावर उडत नाही. मग मासा साफ करून पातळ पोळीवर, तुनब्रॉड म्हणतात, त्यावर उकडलेला बटाटा, बारीक कांदा, आंबट क्रीम, आणि माशाचा छोटासा तुकडा. भाकरीबरोबर ठेचा खाताना आपण वाटीभर ठेचा तोंडात टाकतो का? तसंच आहे हे. मी असा खाल्ला आणि खरं सांगतो, मला आवडला. खारट, आंबट, जरा खाऱ्या बांगड्याच्या वळणाचा. वास मात्र सडक्या अंड्याचा, त्यात वाद नाही, जॅकेट दोन वेळा धुवावं लागलं.

जर्मनीत १९८१ साली एका भाडेकरूने बिल्डिंगच्या जिन्यात या डब्यातलं पाणी सांडलं म्हणून मालकाने त्याला नोटीस न देता बाहेर काढलं. केस कोर्टात गेली तर मालकाच्या बाजूने कोर्टातच डबा उघडून दाखवला. निकाल मालकाच्या बाजूने.

अंड्यातलं पिल्लू खातात ते? खरंच खाल्लंस??

हो. बलूत. हा प्रश्न बायका जास्त विचारतात आणि उत्तर ऐकून ताट बाजूला सारतात.

आमच्या जहाजावर निम्मा क्रू फिलिपिनो. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, पन्नाशीचा, दोन पोरींचा बाप, अतिशय प्रेमळ माणूस. मनिलाला जहाज लागलं की रात्री तो गेटबाहेरून टोपलीतली गरम अंडी घेऊन यायचा. बदकाचं अंडं, साधारण दोन ते तीन आठवडे उबवलेलं आणि मग उकडलेलं. मनिलाजवळचं पातेरोस हे त्याचं जुनं प्रसिद्ध गाव. दोन ट्रिपा मी टाळाटाळ केली, उपास आहे सांगितलं, मग तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, सर तुमचे उपास मनिलातच कसे येतात. मग खाल्लं.

खायची रीत आहे. टोकाला छोटं भोक पाडायचं आणि आतला रस्सा आधी पिऊन टाकायचा. तो रस्सा... आता हे कोणाला पटत नाही पण तो चक्क चिकन सूप आहे, उत्तम चिकन सूप. मग टरफल सोलायचं, मीठ किंवा मिरची घातलेलं व्हिनेगर टाकायचं आणि खायचं. पिवळा भाग दाट, लुसलुशीत. पांढरा भाग कधीकधी रबरासारखा कडक होतो तो लोक टाकतात. आणि पिल्लू. जाणते लोक अठरा दिवसांच्या आसपासचं मागतात, तेव्हा ते पांढऱ्यात गुंडाळलेलं असतं आणि चोच, पिसं काही लागत नाही. माझं त्यापेक्षा मोठं होतं. मी डोळे मिटून खाल्लं, लागलं काहीतरी जिभेला, काय ते मी विचारलं नाही. चवीत काहीही वाईट नव्हतं, पूर्ण प्रॉब्लेम डोळ्यांचा होता. त्यानंतर मी चार-पाच वेळा खाल्लंय, दर वेळी अंधारात. तिकडे हे विकतातही रात्रीच, हाळी देत फिरतात, मला वाटतं त्याचं कारण हेच असणार पण बोसन म्हणायचा तसं काही नाही.

आणि मला सांगा, आपण अंडं खातो, कोंबडी खातो, मग मधली स्टेज आली की एवढं का ढवळतं पोटात? माझ्याकडे उत्तर नाही, मलाही ढवळतं.

वास एवढा घाण असताना चव चांगली कशी असेल?

कारण नाकाने बाहेरून घेतलेला वास आणि घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास, मेंदू या दोघांना एकसारखं वागवत नाही. दुसऱ्या वासात मीठ, चरबी, आंबटपणा मिसळतो आणि तोच वास ‘चव’ होऊन बसतो. लिंबर्गर नावाचं चीज घ्या. त्याच्यावर जे जिवाणू वाढवतात त्यांची जवळची भावंडं माणसाच्या पायावर राहतात, त्यामुळे त्या चीजला हुबेहूब मोज्यांचा वास येतो. इतका हुबेहूब की मलेरियाचा डास पायाच्या वासाला जसा येतो तसा लिंबर्गरलाही येतो, हे शोधल्याबद्दल २००६ चं इग नोबेल मिळालेलं आहे, म्हणजे ते गमतीचं नोबेल. पण ब्रेडवर कांद्याबरोबर तेच चीज खाल्लं तर मस्त लागतं. सुकट भाजताना बिल्डिंगमध्ये होणारी भांडणं आणि नंतर त्याच सुकटीची चटणी भाकरीबरोबर, हे ज्याने अनुभवलंय त्याला अजून समजावून सांगायची गरज नाही.

ड्युरियन म्हणजे फणसच ना?

नाही हो. आग्नेय आशियातलं फळ आहे ते. दिसायला काटेरी, आत गरे, इथेच साम्य संपलं. फणस वड-उंबराच्या कुळातला. ड्युरियन आहे भेंडी, कापूस, जास्वंदीच्या कुळातला. म्हणजे भेंडीचा चुलतभाऊ, विश्वास बसत नाही पण आहे. गर कस्टर्डसारखा, गोड, मध्येच कांदा-लसणाची झाक. बरका फणस ज्यांना आवडतो त्यांना हा जमेल, काप्यावाल्यांनी लांब राहावं. वास इतका उग्र की सिंगापूरच्या मेट्रोत न्यायला मनाई आहे, पाट्या लावलेल्या असतात. २०१८ मध्ये मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीतून पाचशेच्या वर माणसं बाहेर काढली, गॅस लीक झाला म्हणून, आणि कपाटात सडलेला ड्युरियन निघाला. त्याच वर्षी इंडोनेशियात एका विमानाच्या पोटात दोन टनांहून जास्त ड्युरियन भरलेले, पॅसेंजर बसायलाच तयार होईनात, शेवटी फळं उतरवली तेव्हा विमान उडालं.

शाकाहारी माणसाने काय ट्राय करावं?

ड्युरियन आहेच. मग नत्तो. जपानमध्ये सकाळी गरम भातावर घेतात, उकडलेलं सोयाबीन आंबवलेलं, ढवळलं की भेंडीसारख्या तारा सुटतात पण भेंडीच्या दसपट. वास जुन्या मोज्यांचा, परत तेच. जपानमध्ये सुद्धा पूर्वेकडचे लोक आवडीने खातात आणि ओसाकाकडचे बरेच जण तोंड वाकडं करतात. दोन सूचना. एक, पॅकेटबरोबर येणारी सॉसची पुडी बहुतेक वेळा माशाच्या रश्शाची असते, पक्के शाकाहारी असाल तर ती टाका आणि नुसतं सोयासॉस घ्या. दुसरी जास्त महत्त्वाची, घरात कोणी रक्त पातळ करायची वॉरफरिन गोळी घेत असेल तर त्यांना नत्तो अजिबात देऊ नका, त्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि गोळीचा परिणाम मारला जातो. जपानी डॉक्टर हे पेशंटला आवर्जून सांगतात.

इतकं लांब जायचं नसेल तर नागालँडचं अखुनी बघा, तेही आंबवलेलं सोयाबीनच. फक्त दिल्लीत भाड्याच्या घरात शिजवून बघा म्हणजे शेजारी काय म्हणतात ते कळेल. ईशान्येच्या पोरांनी त्यावरून खूप ऐकून घेतलंय.

चिनी लोक शंभर वर्षं जुनं अंडं खातात, घोड्याच्या मुतात भिजवलेलं?

दोन्ही थापा. बदकाची अंडी चुना, राख, मीठ आणि मातीच्या लगद्यात काही आठवडे ते काही महिने ठेवतात. वास अमोनियासारखा येतो म्हणून घोड्याची गोष्ट पसरली. चुन्याने पांढरं चॉकलेटी जेलीसारखं होतं, बलक काळपट हिरवा. भाताच्या पेजेत घालून मस्त लागतं. पेज आपल्याला कळते, त्यामुळे अर्धी भीती तिथेच जाते.

झुरळं? किडे?

झुरळ नाही. बाकी किडे हो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेने २०१३ मध्ये रिपोर्ट काढला होता त्यात जगातले जवळपास दोनशे कोटी लोक किडे खातात आणि १९०० च्या वर जाती खाल्ल्या जातात असं होतं. आणि त्यासाठी थायलंडला जायची गरज नाही. गडचिरोलीत आणि पलीकडे बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चटणी करतात, चापडा. आंब्या-सागाच्या पानांचं घरटं शिवणाऱ्या त्या चावऱ्या मुंग्या, अंड्यांसकट, मिरची-मीठ-लसूण घालून पाट्यावर वाटायच्या. आंबटपणा मुंगीच्या अंगातल्या फॉर्मिक ॲसिडचा, लिंबू लागतच नाही. ओडिशाच्या मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. मित्राने भामरागडहून आणलेली मी खाल्ली, कैरीच्या चटणीच्या जवळची चव, खरंच चांगली.

जे मी खाल्लं नाही ते इटलीच्या सार्डिनिया बेटावरचं कासू मार्झू. मेंढीच्या दुधाचं चीज, त्यात माशीला अंडी घालू देतात, अळ्या आतून चीज खाऊन मऊ करतात आणि ते जिवंत अळ्यांसकट पातळ पापडासारख्या ब्रेडवर खायचं. अळ्या मेलेल्या असतील तर चीज खराब झालं समजतात. त्या पंधरा सेंटीमीटर उडी मारतात म्हणून खाताना हात आडवा धरतात. विकणं बेकायदेशीर आहे, घरगुती ओळखीवर मिळतं. आमचं जहाज तिथल्या काल्यारी बंदराला दोन दिवस होतं, ओळख काढता आली असती, मी काढली नाही.

पक्ष्याची थुंकी पितात म्हणे सूपमध्ये?

हो, पाकोळीच्या घरट्याचं सूप. चवीला जवळजवळ काही नसतं, साखर घातलेलं आगर-आगर समजा, आणि बिल बघून मात्र चक्कर येते. याचा एक धागा आमच्या जिल्ह्यात येतो. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटं आहेत, तिथल्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे आणि ही घरटी चोरून परदेशात जायची. बांबूच्या परांच्या बांधून काढायचे. लहानपणी हे कानावर यायचं तेव्हा आम्हाला वाटायचं लोक घरट्याचं करतात काय, शोकेसमध्ये ठेवतात?

आपल्याकडे असलं काही घाणेरडं नाही, बरोबर?

चूक. हिंगापासून सुरुवात करू. इंग्रजीत हिंगाचं एक नाव आहे त्याचा अर्थ ‘सैतानाचं शेण’, जर्मनमध्येही तसंच काहीसं. आईने दिलेली खड्याच्या हिंगाची डबी माझ्या केबिनमध्ये होती, झाकण सैल, तर पोलंडचा चीफ ऑफिसर गॅस डिटेक्टर घेऊन आमच्या अख्ख्या पॅसेजमध्ये फिरत होता. आणि हा इतका ‘आपला’ हिंग येतो इराण-अफगाणिस्तानातून, भारतात त्याचं रोप पहिल्यांदा शेतात लावलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये, लाहौल-स्पितीत. वरण खाताना कोणाला आठवतं का हे?

मग खरवस. चिकाचं दूध, वासराचं पहिलं दूध, ते आपण गूळ-वेलची घालून वाफवतो. बोसनला समजावून सांगितलं तर तो म्हणाला ‘नको सर’. बलूत खाणारा माणूस! बोंबील तर युरोपने १९९७ मध्ये थेट बंद केले होते, सुकवायची पद्धत त्यांच्या स्वच्छतेच्या नियमात बसेना, इंग्लंडमधल्या बोंबीलप्रेमींनी मोहीम चालवली तेव्हा पुन्हा सुरू झाले. वजडी आहे, कोल्हापुरात रक्ती-मुंडी आहे, गोव्याचं सोरपोतेल आहे. स्कॉटलंडचं हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज-फुप्फुस तिच्याच पोटात भरून शिजवलेलं, अमेरिकेने फुप्फुसामुळे १९७१ पासून अडवून ठेवलंय. आमच्या आगरी मित्राला खायला दिलं तर म्हणाला, मसाला कमी पडलाय, बाकी ठीक.

एक गोष्ट मात्र मी या गमतीच्या यादीत घालत नाही. मराठवाड्यात दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करून ठेवायचे. ज्यांना चांगला भाग कधी मिळूच दिला नाही त्यांनी उरलेल्यातून केलेलं खाणं ते. कोणी त्याला ‘विचित्र’ म्हणून हसायला लागलं की मी ताटावरून उठतो.

अशा पदार्थांचं म्युझियम आहे म्हणे?

स्वीडनमध्ये माल्मोला, २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. तिकीट म्हणून ओकारीची पिशवी देतात. मी गेलो नाही, जहाजावरचं पुरतं मला.

कधी आजारी पडलास का यातलं काही खाऊन?

यातलं खाऊन नाही. आडवा झालो तो एका लग्नातल्या रसमलाईने, तीन दिवस सलाइनवर. पण घरी प्रयोग करू नका, हे सीरियसली सांगतोय. आंबवणं आणि सडवणं यात फरक मीठ, तापमान आणि हवेचा असतो, आणि तो पिढ्यान् पिढ्या करणाऱ्यांनाच कळतो. ग्रीनलँडमध्ये किव्हियाक करतात, सीलच्या कातड्यात छोटे समुद्रपक्षी शेकड्यांनी शिवून महिनोनमहिने आंबवतात, आणि पक्षी चुकीचे निवडले तर त्यांच्यातलीही माणसं गेली आहेत. बॉट्युलिझम म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा, आणि त्या विषाला वास नसतो.

कोणी प्रेमाने असलं काही पुढे ठेवलं तर काय करायचं?

आधी घरचे लोक कसं खातात ते बघा, किती घेतात, कशाबरोबर घेतात. छोटा घास. वास घेत बसू नका. धर्माचं, उपासाचं, ॲलर्जीचं कारण असेल तर सरळ सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. पण ‘ईऽऽ’ म्हणू नका. भाषा येत नसली तरी तेवढं सगळ्यांना कळतं.

आणि तू स्वतः काय खात नाहीस?

उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची कॉफी नाही पीत. किळस म्हणून नाही, बालीला एका ठिकाणी ती जनावरं पिंजऱ्यात गोलगोल फिरताना बघितली तेव्हापासून.

आणि साय. चहावरची दुधाची साय ओठाला लागली की माझं सगळं अंग शहारतं, लहानपणापासून, मोठा झालो तरी गेलं नाही. जहाजावर सकाळी चहा आला की बोसन माझा कप उचलायचा, बोटाने साय काढून तोंडात टाकायचा, कप परत द्यायचा, आणि मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसायचो.